द्वारकीचा टाक घेऊन पायी नवापूरला

दारावरून आगगाडी जात असताना नंदुरबारहून नवापूरला पायी जाणारा माणूस एक तर बैरागी असतो, नाही तर डोक्यानं अधू. मी या दोहोंपैकी कोण, यावर आमच्या सराफ आळीत होळीपर्यंत चर्चा चालली होती असं ऐकतो. मी दोन्ही नाही. मी सोनार आहे, पन्नाशी उलटलेली आहे, पाय सपाट आहेत, आणि बायकोनं गाडीत बसायचं नाकारलं म्हणून मी चाललो. परत आल्यापासून जो तो विचारतो की वाट कशी आहे, खायला काय मिळतं, जनावरांचं भय आहे का. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून हे लिहून ठेवतो. वाटेचं सांगताना दुसरंही सांगावं लागेल, कारण त्या दुसऱ्या गोष्टीशिवाय आम्ही त्या वाटेला गेलोच नसतो.

आमची एकुलती एक मुलगी द्वारकी नवापूरला दिली होती. जावई मोतीराम आमच्याच धंद्यातला. मागल्याच्या मागल्या श्रावणात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायला निघाली. सातव्या महिन्यात यायची ती सासूच्या आजारपणात अडकली आणि नवव्यात निघाली. मोतीराम बरोबर होता. नेसू नदीला पूर आला, गाडी मधल्या एका लहानशा स्टेशनावर थांबून राहिली, आणि तिथंच ती बाळंत झाली. मूल जगलं, द्वारकी गेली. इकडे तिची आई डिंकाचे लाडू घेऊन नंदुरबारच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसली होती. त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही आणि मोतीरामशी एक शब्द बोलली नाही. नातीचं नाव तापी. ती बापाकडेच वाढत होती.

यंदा माघात मोतीरामनं दुसरं लग्न केलं. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात दीड वर्षाची पोर, आई अंथरुणावर, भाकरी कोण थापणार? लग्नानंतर त्याचा निरोप आला की होळीच्या आत टाक घेऊन यावं.

ज्यांच्यात ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर गेलेलीचा चांदीचा टाक, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती, नवी बायको गळ्यात बांधते. रोज जेवताना पहिला घास त्या टाकाला दाखवायचा आणि मग आपण खायचं. हा टाक गेलेलीच्या आईनं स्वतःच्या हातानं बांधायचा असतो. तिनं बांधला की नवी बायको आमची मुलगी झाली, आमचं घर तिचं माहेर झालं, आणि नातीचं आजोळ आमच्याकडेच राहिलं. तिनं नाही बांधला, तर दोन घरांचा संबंध सुटला. मग तापीनं सुट्टीत जायचं ते नव्या आईच्या माहेरी, आणि आम्ही तिचे कोणी नाही.

हे सगळं द्वारकीच्या आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "मी येसू. पन बांधसू का नही, ते तठे देखसू."

टाक मी केला. असे टाक मी आजवर कितीतरी लोकांना करून दिलेत. ठसा तयार असतो, त्यावर पत्रा ठेवून ठोकला की काम झालं. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाच्या जागी एक रेघ, बस्स. टाकाला तोंड करायचं नसतं, हे मला वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तोंड केलं की गेलेलं माणूस ओळखीचं होतं, आणि मग ते घरात आपली जागा मागायला लागतं. या वेळी मी ठसा हातात घेतला आणि खाली ठेवला. तापवून मऊ केलेल्या राळेवर पत्रा बसवला, बारीक छिन्नी घेतली, आणि काम संपलं तेव्हा पत्र्यावर द्वारकी होती. किंचित पुढं आलेली हनुवटी, रुसल्यासारखा खालचा ओठ. मोडून पुन्हा करावा असं मनात आलं, पण आपल्याच पोरीवर हातोडी कोण घालणार? फडक्यात गुंडाळून कमरेला लावला आणि घरात काही बोललो नाही.

नंदुरबार ते खांडबारा

रुळाच्या कडेनं जी सडक जाते ती आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेली नाही. लाईन पडली त्या काळात मोठा दुष्काळ होता. सरकारनं भुकेल्या माणसांना पोटापुरतं काम म्हणून खडी फोडायला बसवलं, आणि दगड वाहणाऱ्या बैलगाड्यांसाठी भरावाच्या पायथ्याशी ही सडक बांधली. खाली मुरूम, वर चपटे काळे दगड एकाला एक लावलेले. काम संपलं, गाड्या गेल्या, सडक राहिली. काही ठिकाणी ओढ्यानं खाल्ली आहे, काही ठिकाणी दगड लोकांनी घरच्या पायऱ्यांना नेले आहेत, पण बाकी अजून अशी आहे की अंधारातसुद्धा ठेच लागू नये. ती कोणाच्या हातांनी बसवली हे ठाऊक असलं की तिच्यावरून चालताना तोंडात गाणं येत नाही.

फाल्गुन नुकता लागला होता. गाव संपताच मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. दूरवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि वारा आपल्याच अंगावर. आम्ही दोघं शिंकत शिंकत त्यातून बाहेर पडलो. द्वारकीची आई अंगानं एवढीशी, पण चालीला भलती चलाख. ती पुढं आणि मी मागं, असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं. एरवी लोकांसमोर ती चार पावलं मागं असते, आणि घरात मी.

मी नव्या वहाणा घालून निघालो होतो. लांब चालायचं तर जुन्या वहाणा घालाव्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण सासरी गेलेल्या मुलीच्या घरी फाटक्या वहाणांनी कसं जायचं, असं माझ्या डोक्यात होतं. मुलगी नाही, घर आहे, हे मन अजून धरत नाही. दुपारच्या आत डाव्या वहाणेचा अंगठा तुटला. लाईन दुरुस्त करणारी टोळी तिथं काम करत होती. त्यांचा मुकादम, पिकल्या मिशांचा माणूस, खाली उतरून आला आणि तारेच्या तुकड्यानं अंगठा आवळून दिला.

"तार सरकारनी शे," तो म्हणाला. "वहान टाकशात तवय परत आनी द्या."

तेवढ्यात गाडी आली. टोळी बाजूला झाली. द्वारकीच्या आईनं रुळाकडे पाठ केली, पदर कानांवर घट्ट धरला आणि बाभळीच्या खोडाकडे तोंड करून उभी राहिली. शेवटचा डबा गेला, धूळ बसली, तरी ती वळली नाही.

मुकादमानं मला हळूच विचारलं, "बाई गाडीले भ्यास का?"

"भीत नाही. रागावली आहे."

त्यानं पुढं विचारलं नाही. रुळावर काम करणाऱ्या माणसाला असा राग पूर्वी कुठं तरी भेटला असावा.

ढेकवाडच्या पुढं रान बदललं. कापसाची शेतं मागं राहिली, साग आणि मोह सुरू झाले, आणि पळस इतका फुलला होता की भरावाच्या दोन्ही बाजू लाल. बाजाराला निघालेल्या बायका सडकेवर भेटत होत्या. माझी नजर आधी अंगावरच्या चांदीवर जाते, ती खोड आता सुटायची नाही. एकीच्या गळ्यातली हसळी मी लांबूनच ओळखली, आमच्या आळीचा घाट होता. ती बाई चालता चालता थांबली आणि ओंजळभर भाजलेली मोहाची फुलं देऊन गेली. आपल्याकडे वाटसरूला पाणी विचारतात, तिकडे आधी खायला हातावर ठेवतात आणि मग कुठले म्हणून विचारतात. फुलं चिकट, गोड, आणि वास असा की खाल्ल्यावर सगळ्या गावाला कळावं. मी संपवली. बायकोनं चाखूनसुद्धा पाहिली नाहीत. परक्या हातचं पाणीही न पिणारी ती बाई आहे.

मुक्काम खांडबाऱ्याच्या धर्मशाळेत. तिनं तीन दगडांवर उडदाची डाळ केली. जेवताना मी म्हटलं, "उद्या ते स्टेशन लागेल." ती म्हणाली, "माहीत शे मले," आणि भाकरी मोडत राहिली.

मधलं स्टेशन

या स्टेशनाचं नाव लिहीत नाही. ते नाव मला उच्चारता येत नाही, आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोगही नाही. नेसूचा पूल ओलांडल्यावर काही वेळानं ते लागतं. नदी त्या दिवशी घोट्याएवढी होती. पोरं खेकडे धरत होती. द्वारकीची आई काठावर बराच वेळ उभी राहिली. एवढ्याशा पाण्यानं आपली पोर अडवली, हे तिला पटत नसावं. मलाही पटलं नाही.

स्टेशन म्हणजे एक खोली, एक पत्र्याचा मांडव, चुना लावलेल्या दगडांच्या आत सदाफुली आणि झेंडू. रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला फुलांना पाणी घालत होता. मी त्याला श्रावणातल्या गोष्टीचं विचारलं. त्यानं डबा खाली ठेवला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

तिचं नाव भुरीबाई. डोंगराकडची मावची जमातीची बाई, उंच, कपाळावर गोंदण. मराठी मोडकं बोलायची, पण आडपडदा न ठेवता. आम्ही कोण हे कळताच तिनं द्वारकीच्या आईचा हात धरला आणि स्टेशनामागच्या आपल्या झोपडीत नेलं. बाजल्याकडे बोट दाखवलं.

"इथं," ती म्हणाली. "मीच होती जवळ. दुसरी बाई नव्हती गाडीत. पोर लवकर आली. मग रगत थांबलं नाय. आमी पाला बांधला, सगळं केलं. नाय थांबलं."

द्वारकीची आई बाजल्यावर बसली. त्याच्या दोरांवरून हात फिरवत राहिली. मला उभं राहवेना, म्हणून मी दारात बसलो.

"आनि तो?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं. कोण तो, हे तिनं सांगितलं नाही.

"नवरा? तो भायेर बसला. पाऊस होता. आत ये म्हटलं, नाय आला. मांडवाखाली बस म्हटलं, नाय बसला. तसाच भिजत."

भुरीबाईचा एक मुलगा अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होता. भुरीबाईनं त्याला उचलून आणलं आणि आमच्यासमोर उभा केला. "हा तेव्हा अंगावर पीत होता. तुमच्या पोरीला पन मीच पाजली. पानी उतरेस्तवर. एकीकडं हा, एकीकडं ती."

हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित मोतीराम सांगणार होता आणि आम्ही त्याला तोंड उघडू दिलं नसेल. द्वारकीच्या आईनं त्या मुलाला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग ती रडली. पोर गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तेव्हा ती नुसती संतापली होती. भुरीबाई शेजारी बसून राहिली, तिनं समजूत घातली नाही की पाठीवर हात ठेवला नाही. बसायचं तेवढं बसली आणि उठून चुलीशी गेली.

नागलीची भाकरी आणि अंबाडीची भाजी तिनं पानावर वाढून समोर ठेवली. मी अडखळलो. आता काय होणार म्हणून बायकोकडे पाहिलं. तिनं भाकरी मोडून घास तोंडात घातला होता.

"काय देखतस?" ती मला म्हणाली. "मन्ही नात हिन्हं दूध पिनी. मी भाकर खाधी ते काय व्हई?"

मग मीही खाल्ली. चांगली होती. नागलीची भाकरी पोटात जड बसते म्हणतात, पण त्या दिवशी काय जड बसलं ते भाकरीच्या माथी मारता येणार नाही.

हात धुतल्यावर ती म्हणाली, "टाक दाखाडा."

मी कमरेचं फडकं सोडून दिलं. तिनं उलगडलं. उजेडात धरलं. तिचा चेहरा पाहून मी जमिनीकडे बघायला लागलो.

"तोंड कसाले करं तुम्ही?"

"हात थांबला नाही."

ती पुन्हा पाहत राहिली. मग टाक भुरीबाईपुढं धरला. "हाई आमनी द्वारकी," असं म्हणताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला ऐकू आला.

भुरीबाईनं टाक हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "ही नाय," ती म्हणाली. "ही तर ल्हान पोर हाय. तुमची बाई मोठी होती. गाल भरेल. इथं रेघ होती." तिनं आपल्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं.

मग हे कशासाठी, असं तिनं विचारलं. मी चाल सांगितली. ती ऐकून घेऊन मान हलवायला लागली. "मेलेल्या बाईला गळ्यात कशाला बांधता? आमी दगूड उभा करतो, दारू दाखवतो. मग मेलेला त्याच्या वाटेनं, आमी आमच्या. तिला पन जाऊ द्या की." तिला आमची चाल चमत्कारिक वाटली. मला तिची वाटली नाही.

निघताना द्वारकीच्या आईनं आपल्या पिशवीतलं नवं लुगडं, जे मोतीरामच्या आईसाठी घेतलं होतं, ते भुरीबाईच्या हातावर ठेवलं. टाक मात्र तिनं मला परत दिला नाही. आपल्या ओटीला बांधून घेतला आणि चालू लागली.

साहेबाची बाग

चिंचपाड्याच्या मुक्कामात आणि पुढच्या सकाळी ती माझ्याशी बोलली नाही. रागानं नव्हे. राग आला की ती भांडी आपटते, आणि इथं तर आपटायला भांडीही होती. ती विचारात होती, आणि मी आपला सडकेचे दगड पाहत चाललो होतो. तिच्या मनात टाक बांधायचं आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. बांधला नाही तर हे आमचं तापीला शेवटचं भेटणं, हे दोघांनाही कळत होतं.

नवापूर जवळ आलं की लाईनच्या कडेला एका इंजिनियर साहेबाचा बंगला आहे, आणि त्याच्या भोवती मोठी बाग. बाग म्हणजे आपल्यासारखी फुलझाडांची दाटी नव्हे. नुसती हिरवळ पसरलेली, तिच्यावर लांब लांब अंतरावर एकेक झाड, आणि प्रत्येक झाडाखाली एक लाकडी बाक. आपल्याकडे एवढ्या जमिनीत मिरची, दोन आंबे आणि एक भाऊबंदकी सहज उभी राहिली असती. साहेबानं ती नुसती बघायला ठेवली आहे. सडक या बागेच्या कडेनं जाते, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. माळी म्हणाला साहेब शिकारीला गेलाय, बसा घटकाभर, गवतावर मात्र थुंकू नका.

आम्ही बाकावर बसलो. बाकावर शेजारी शेजारी बसायची आम्हां दोघांना सवय नाही. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिनं ओटीतून टाक काढला आणि मांडीवर ठेवला.

"ती बाई म्हनी ते खरं शे," ती म्हणाली. "हाई ल्हान शे. तुम्ही लगीनना पह्यलेनी द्वारकी करी."

मी पाहिलं. खरंच होतं. हा परकर नेसून अंगणात बिट्ट्या खेळणाऱ्या पोरीचा चेहरा होता. तेराव्या वर्षी दिली, पंधराव्या वर्षी नांदायला गेली. नंतर ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायची, चार दिवस झोके घ्यायची आणि जायची. त्या चार दिवसांत मी तिला पाहत होतो, पण छिन्नीला जे तोंड ठाऊक होतं ते आधीचं.

"मंग ती कशी व्हती?" तिनं विचारलं. "शेवटले? तुम्हले दिसस का?"

मी डोळे मिटून पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. "नाही," म्हटलं. "मला हीच दिसते."

"मले बी," ती म्हणाली.

तिथं मला फार वाईट वाटलं. मुलगी गेली तेव्हा वाटलं होतं त्याहून वेगळं आणि थोडं जास्त. मोठी झालेली द्वारकी आमच्याजवळ नव्हतीच, आणि जी गेली म्हणून आम्ही दीड वर्ष रडत होतो ती बरीच आधी मोठी होऊन गेली होती. माळी पाण्याचा तांब्या घेऊन आला, आम्ही पाणी प्यालो आणि उठलो.

नवापूर

मोतीराम रंगावलीच्या पुलापर्यंत सामोरा आला होता. आम्ही पायी येणार हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. वाळलेला होता. त्यानं माझे पाय धरले, मग मामीच्या, म्हणजे सासूच्या, पायांशी वाकला. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण तोंडातून शब्दही काढला नाही. आम्ही तिघं घरी आलो.

नवी सून काशी दारात उभी होती. सोळा-सतराची असेल. हातात हिरवा चुडा, कडेवर तापी. आमची नात गोरी, गुटगुटीत, केसांचा एक तुरा वर बांधलेला. आजीनं हात पुढं केले. तापीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काशीच्या पदरात तोंड खुपसलं. आजीचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. काशी घाबरून पोरीला म्हणत होती, "जाय ना वं, आजी शे, जाय," आणि पोर तिला आणखीच घट्ट बिलगत होती.

मोतीरामची आई आतल्या खोलीत अंथरुणावर होती. तिला भेटून आलो. सांगण्यासारखं बोलणं झालं नाही, दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून बसल्या एवढंच. मग माजघरात पाट मांडला, हळदकुंकवाची वाटी ठेवली, काशीला बसवलं. तापी तिच्या मांडीवर. द्वारकीच्या आईनं ओटीतून टाक काढून कुंकवाच्या वाटीशेजारी ठेवला आणि समोर बसली.

मोतीरामनं तो उचलला. सोनाराचा हात तो, त्याला बघताक्षणी कळलं. "मामा, तोंड?" तो म्हणाला.

"झालं," मी म्हटलं.

त्यानं तो खिडकीकडे धरला. बराच वेळ पाहिला. त्याच्या तोंडावर ओळख उमटेल म्हणून मी वाट पाहत होतो. "आशी व्हती का ती?" त्यानं विचारलं. "लगीनमा मुंडावळ्यास्मा मले तोंड दिसनं नही." मग त्यानं टाक अलगद जागेवर ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

द्वारकीच्या आईनं दोरा ओवला. ओवला आणि हातात धरून बसली. वेळ जात होता. काशी मान खाली घालून होती. बाहेर कुणाच्या तरी अंगणात होळीची ढोलकी वाजवून बघत होते. मला वाटलं, ही आता उठणार. टाक ओटीत घालणार आणि उठणार, आणि मी तिच्यामागं निमूट चालू लागणार.

काशीनंच तोंड उघडलं. इतक्या हळू की मला पुढं झुकावं लागलं. "माय," ती म्हणाली, "पह्यला घास मी ताईस्ले दाखाडसू. पन त्यास्ले काय आवडे? मी कोनले इचारू?"

द्वारकीच्या आईनं वर पाहिलं. दीड वर्षात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"कैरी," ती म्हणाली. "मीठ-तिखट लाईसन. झाडखाले बशीसन खाये. आनि गूळ-शेंगदाना. आनि वांगानं भरीत, पन देठ तिलेच द्यावा लागे." ती थांबली. काशी ऐकत होती. "मी आखाजीले हाई समदं करू. ती उनी की पह्यले कैरी कापू." मग दोऱ्याकडे बघत म्हणाली, "ते ल्हानपननं शे बाई. मोठी व्हयनी तवय तिले काय आवडे, मले माहीत नही."

"तिले भाकरना पापुडा आवडे," दारातून मोतीराम म्हणाला. मामीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघून. "तव्यावरनी गरम भाकर, तिना वरला पापुडा काढीसन, मीठ-तेल लाईसन. मन्ह्या भाकरना बी काढी ले. मले रोज बिनपापुडानी भाकर."

त्यानं तापीकडे पाहिलं.

"कैरी तिले चाले नही. दात आंबेत. तुम्ही आखाजीले करेल राहे, म्हनीसन ती खाये. आठे ईसन दोन दिन तिले काहीच चावता ये नही."

मी बायकोकडे पाहिलं. आता हे तिला सोसवणार नाही असं वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिनं टाक उचलला, काशीच्या मागं जाऊन बसली आणि तिच्या मानेवरचे केस बाजूला केले.

"आनखी?" दोऱ्याला गाठ घालत तिनं जावयाला विचारलं. "आनखी काय आवडे तिले?"